कर्सर नाचतो म्हणून डिजिटायझर मेला?

"जुन्या पेनवाल्या लॅपटॉपचा कर्सर नाचायला लागला म्हणजे डिजिटायझर गेला. आधी पेनची बॅटरी बदला. मग चार-पाच वेळा कॅलिब्रेशन करा. फरक नाही पडला तर स्क्रीनवरून लोहचुंबक गोल गोल फिरवा, आत साचलेला चार्ज निघून जातो. तरीही नाही तर फॉरमॅट मारा. त्यानंतरही नाचत असेल तर स्क्रीन बदला, नाहीतर भंगारात द्या."

हा मजकूर गेल्या दिवाळीपासून मला तीन वेगवेगळ्या ग्रुपांवर आला. तिसऱ्यांदा पाठवणाऱ्या काकांनी तर चुंबक फिरवून झालाही होता. मी नववी-दहावीच्या मुलांना ऑनलाइन गणित शिकवते, आणि तेही असल्याच एका सेकंडहँड यंत्रावर: झाकण गरकन फिरवलं की पाटी होते, आणि पाटीवर पेनने लिहायचं. त्याचा कर्सर माझ्यासमोर इतक्या वेगवेगळ्या तऱ्हांनी बिघडला आहे की या मजकुरातलं पहिलंच वाक्य मला पटत नाही. डिजिटायझर म्हणजे पेन कुठे आहे हे ओळखणारा स्क्रीनमागचा बोर्ड. कर्सर "नाचतो" म्हणजे नेमकं काय करतो, हे कुणी विचारतच नाही. जागच्या जागी थरथरतो? पेनापासून ठरावीक अंतरावर सरकलेला राहतो? पेन हातात नसताना एका कोपऱ्याकडे वाहत जातो? की मध्येच उडी मारतो? ही चार वेगळी दुखणी आहेत आणि चौघांचं औषध एक नाही.

आता पेनची बॅटरी. 2002च्या नोव्हेंबरात मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीची टॅब्लेट पीसी आवृत्ती आणली, तेव्हापासून पुढच्या दहा-बारा वर्षांत निघालेल्या अशा बऱ्याच यंत्रांमध्ये वॅकॉम या कंपनीचं तंत्र आहे, आणि त्या पेनात बॅटरी नसतेच. बदलणार काय? एलसीडीच्या मागे तांब्याच्या वेटोळ्यांची जाळी असलेला एक पातळ बोर्ड असतो. तो क्षणभर चुंबकीय लहरी सोडतो आणि क्षणभर कान देऊन ऐकतो. पेनात एक गुंडाळी आणि एक कपॅसिटर असतो. त्या लहरींवर पेन आतून घुमतं आणि तीच हाक परत पाठवतं. शेजारशेजारच्या वेटोळ्यांना ही हाक किती मोठी ऐकू आली यावरून बोर्ड पेनाची जागा काढतो. म्हणून तर टोक काचेला न टेकवताही कर्सर पेनामागे फिरतो. बॅटरीवाली पेनंही आहेत, उदाहरणार्थ सर्फेस प्रो 3चं. पण तुमच्या पेनाला उघडायला झाकणच नसेल, तर दुकानात बॅटरी शोधत फिरू नका.

पेन मात्र खरोखर बिघडतं, बॅटरीशिवायही. फरशीवर आपटलं तर गुंडाळीच्या आतला फेराइटचा दांडा तडकू शकतो. टोक झिजून किंवा धूळ बसून आत अडकलं, तर यंत्राला वाटतं पेन टेकलेलंच आहे; मग नुसता हात हलवला तरी रेघोट्या उठतात, खिडक्या ओढल्या जातात. टोक चिमट्याने ओढून काढायचं, भोक कोरड्या फडक्याने पुसायचं आणि नवं टोक बसवायचं, एवढंच काम. पेनच दोषी आहे की नाही हे कळायला दुसरं पेन लावून पाहावं, आणि ते कुठून आणायचं याची एक युक्ती आहे: सॅमसंगच्या गॅलक्सी नोट फोनांमधलं एस पेनही वॅकॉमच्याच तंत्राचं आहे आणि या जुन्या लॅपटॉपांवर ते साधारणपणे चालतं. शेजाऱ्याकडून पाच मिनिटांसाठी मागून आणा. उलट, टेबलावर ठेवायच्या इंट्युओस पाटीचं पेन वॅकॉमचंच असून इथे चालत नाही. त्याची लहर वेगळी. तेवढ्यावरून "बघा, डिजिटायझर मेला" असा निकाल देणारे भेटले आहेत.

कॅलिब्रेशन म्हणजे स्क्रीनवर दिसणाऱ्या फुल्यांवर पेन टेकवून पेन आणि कर्सरची जागा जुळवणं. त्याबद्दलचा सल्ला अर्धवट आहे, आणि अर्धवट सल्ल्याने वेळ जास्त जातो. घड्याळ कायम पाच मिनिटं पुढे असेल तर काटा मागे घेऊन भागतं. पण ते कधी दोन मिनिटं पुढे आणि कधी चार मिनिटं मागे पळत असेल, तर काटा किती वेळा लावणार? कर्सर सगळीकडे सारखाच, एकाच बाजूला सरकलेला असेल तर कॅलिब्रेशनने तो जागेवर येतो. थरथरणाऱ्या कर्सरला त्याचा उपयोग शून्य. वर नुकसान असं की थरथरत असताना फुल्यांवर टेकवलेली ती चुकीची मापं यंत्र जपून ठेवतं. म्हणून आधी कंट्रोल पॅनलमधल्या टॅब्लेट पीसी सेटिंग्जमध्ये जाऊन जुनं कॅलिब्रेशन रिसेट करा, थरथर थांबवा, आणि मग एकदाच, नेहमी बसता तसं बसून, फुल्या टेकवा. मान वाकडी करून टेकवल्या तर काचेच्या जाडीमुळे तेवढा फरक पडतोच. आणि कडेच्या सेंटीमीटरभर पट्टीत कर्सर थोडा चुकणारच: तिथे एका बाजूला वेटोळी संपलेली असतात आणि शेजारी धातूची चौकट असते. तो आजार नाही, अंगकाठी आहे. मी टास्कबार थोडा जाड करून घेतला आणि त्या पट्टीचा नाद सोडला.

आता जे त्या मजकुरात मुळातच नाही ते. थरथरणाऱ्या कर्सरसाठी मी सगळ्यात आधी ज्याच्याकडे बोट दाखवीन तो म्हणजे चार्जर.

एका संध्याकाळी वर्गात मी "समजा" लिहिलं आणि वरची शिरोरेषा करवतीच्या दातांसारखी आली. मुलं हसली. मी हळू ओढली तर आणखी वाईट. पेन काचेपासून बोटभर वर धरून हात अगदी स्थिर ठेवला, तरी कर्सर जागच्या जागी कापत होता. तेवढ्यात वीज गेली. वायफाय गेलं, पण लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला, आणि मी सहज चाळा म्हणून रेघ ओढली तर ती पट्टीने मारल्यासारखी सरळ. वीज आली, पुन्हा करवत. चार्जरची पिन काढली, सरळ. लावली, करवत. चार वेळा करून पाहिलं, कारण पहिल्या तीन वेळा माझाच विश्वास बसेना.

मूळ चार्जर बिघडल्यावर मी बाजारातून एक स्वस्तातला डुप्लिकेट घेतला होता, आणि खोलीतलं सॉकेट टू-पिन म्हणून तीन पिनांच्या वायरला कन्व्हर्टर लावला होता. म्हणजे अर्थिंगची वाट मीच बंद केलेली. बिजागरीच्या धातूवर हाताची मागची बाजू फिरवली तर मुंग्या आल्यासारखी झिणझिण लागायची. ती लागत असूनही मी महिनाभर दुर्लक्ष केलं होतं, हे कबूल करते. चार्जरच्या आत वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होत असते. त्याचा गोंगाट नीट अडवला नाही आणि जमिनीत जायला वाटही ठेवली नाही, तर तो लॅपटॉपमध्ये शिरतो. बोर्ड बिचारा पेनाची बारीक हाक ऐकायला कान लावून बसलेला, आणि शेजारी मिक्सर चालू! कन्व्हर्टर काढून चांगल्या अर्थिंगच्या थ्री-पिन सॉकेटात वायर लावली तर निम्मी थरथर गेली. उरलेली योग्य व्होल्ट-अँपिअरचा चांगला चार्जर घेतल्यावर गेली. थ्री-पिनमधली मोठी पिन कापून टाकणारे महाभाग असतात, त्यांना कोपरापासून नमस्कार.

असाच गोंगाट आतूनही येऊ शकतो. एलईडीच्या आधीच्या स्क्रीनमागे बारीक ट्यूबलाइट असते आणि तिला उच्च दाब पुरवणारा इन्व्हर्टर असतो. ब्राइटनेस कमी-जास्त केल्यावर थरथर बदलते का, एवढं पाहायचं. बदलत असेल तर संशयित सापडला.

चुंबकाबद्दल थोडक्यात, कारण जास्त लिहिण्याची त्याची लायकी नाही. पूर्वीच्या डब्ब्यासारख्या पिक्चर ट्यूबवर चुंबकामुळे रंगांचे डाग पडत आणि ते घालवायला डिगॉसिंग करत, म्हणजे ट्यूबमध्ये शिरलेलं चुंबकत्व काढत. त्याच आठवणीचं हे भूत असावं. एलसीडीत असा कुठलाही चार्ज साचून बसत नाही. उलट चुंबकाचं बटण असलेलं कव्हर मागे दुमडलं की नेमक्या त्या जागी पेन चुकतं किंवा मुकं होतं. काकांच्या लॅपटॉपला तर चुंबक जवळ आल्याने झाकण मिटल्याचा भास झाला आणि तो झोपी गेला. काकांना वाटलं, गुण आला.

फॉरमॅटबद्दल माझं म्हणणं एवढंच की आधी विंडोज दोषी आहे हे सिद्ध तरी करा. पेनड्राइव्हवरून लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी दुसरी प्रणाली, चालू करा, काही इन्स्टॉल करायची गरज नाही. तिथेही तशीच थरथर असेल तर विंडोज निर्दोष. आणि फॉरमॅटनंतर जुन्या यंत्राचा पेन ड्रायव्हर, म्हणजे पेन चालवणारं सॉफ्टवेअर, बऱ्याचदा हाताने टाकावा लागतो. तो नाही टाकला तर पेन धड चालतही नाही, आणि माणसाची खात्रीच पटते की डिजिटायझर गेला. विंडोजमुळे होणारा घोळ बहुधा उड्यांचा असतो, थरथरीचा नाही. व्हिस्टा आणि विंडोज 7 मध्ये फ्लिक्स नावाची सोय आहे: पेनाचा झटका दिला की पान पुढे-मागे जातं. भरभर लिहिणाऱ्याला ती सोय म्हणजे भूतबाधा. पेन आणि बोट दोन्ही चालणाऱ्या यंत्रात तळहाताचा स्पर्श कर्सर पळवतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन टचस्क्रीन तेवढी बंद करून पाहा.

पेन टेबलावर आहे आणि कर्सर सावकाश एका दिशेला वाहतोय, असं असेल तर कीबोर्डच्या मधोमध असलेल्या रबरी टिकलीवर संशय घ्या. हात काढून घ्या, काही सेकंद थांबा, ती आपोआप शून्यावर येते. मात्र टचपॅड वर उचलल्यासारखा वाटत असेल किंवा यंत्राची पाठ फुगलेली दिसत असेल, तर कर्सरची चिंता सोडा. आतली बॅटरी फुगली आहे. चार्जिंग लगेच थांबवा, यंत्र बंद करा, दाबून बसवायला जाऊ नका, सुई तर मुळीच लावू नका, आणि बॅटरी जाणकाराकडून काढून घ्या. सगळ्या यादीत खरी घाई करण्याजोगी हीच एक गोष्ट, आणि त्या मजकुरात तिचा पत्ता नाही.

राहिलं भंगार. डिजिटायझर कधीच मरत नाही असं माझं म्हणणं नाही. एखाद्या पूर्ण पट्ट्यात पेन उमटतच नसेल, दुसऱ्या पेनानेही, बॅटरीवरही, लिनक्समध्येही, तर बोर्ड गेला असं धरायला हरकत नाही. पण त्याआधी झाकण सावकाश पुढे-मागे करा, थोडं फिरवा, आणि प्रत्येक ठिकाणी एक रेघ ओढा. एका कोनात रेघ नीट आणि दुसऱ्या कोनात तुटक येत असेल, तर बिजागरीतून जाणारी वायर झिजली आहे किंवा तिचा कनेक्टर सैल झालाय. वर्षानुवर्षं गरकन फिरवलेल्या बिजागरीकडून आणखी काय अपेक्षा ठेवणार. ती वायर सुटी मिळाली तर स्क्रीनच्या मानाने बरीच स्वस्त पडते.

काकांचं यंत्र मी रविवारी पाहिलं. पेन सहा वर्षं पेनस्टँडमध्ये डोक्यावर उभं, सगळा भार टोकावर. टोक आत रुतलं होतं. भुवया काढायच्या चिमट्याने ओढून काढलं, नवं बसवलं, आणि काकूंनी पहिल्यांदा त्यावर वाण्याची यादी लिहिली.