‘दारू अर्धी, वर कापूस’: या सल्ल्यात काय चुकतं

अमेरिकेत रायफलची काडतुसं घरी भरणं कायदेशीर आहे आणि हा छंद जुना आहे. तितकाच जुना एक सल्लाही त्या वर्तुळात फिरत असतो. नेमबाजीच्या रेंजवर जाणाऱ्या आमच्या इथल्या मराठी मंडळींपर्यंत तो आता पोचलाय. सल्ला असा: बंदुकीचा धक्का कमी हवा ना, मग काडतुसातली बंदुकीची दारू अर्धी करा आणि त्याच्या पितळी पुंगळीत उरलेली जागा कापसाने किंवा रव्याने भरून टाका. दारू कमी म्हणजे दाब कमी. रिकामी जागा धोक्याची, ती बुजली. कापसाला वजन ते काय! आणि शेवटी हुकमाचा एक्का: आजोबा ठासणीच्या बंदुकीत चिंध्या ठासायचेच की.

आधी आजोबांचं बघू, कारण सगळा घोळ तिथे आहे. ठासणीच्या बंदुकीत काळी दारू असायची. दाब वाढला म्हणून ती फारशी जास्त वेगाने जळत नाही, आणि दारू व गोळी यांच्यात पोकळी राहिली तर नळी फुगण्याची भीती असते. म्हणून ठासायचं. पुढे पितळी काडतुसं आली तेव्हाही हेच चालू राहिलं. अमेरिकी लष्कराच्या १८७३ च्या .४५-७० काडतुसात ७० ग्रेन (साधारण साडेचार ग्रॅम) काळी दारू असे. घोडदळाच्या आखूड कार्बाइनला तो धक्का सोसेना, म्हणून त्याच पुंगळीत ५५ ग्रेन दारू घालून उरलेली जागा डाटाने भरत. म्हणजे या युक्तीला इतिहास आहे, पण तो काळ्या दारूचा. १८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएई यांनी धूरविरहित दारू केली आणि गणित बदललं. ही दारू जितकी कोंडावी तितकी वेगाने जळते, वेगाने जळली की दाब वाढतो, आणि दाब वाढला की आणखी वेगाने जळते. तिच्यावर काहीही ठेवलं की तुम्ही या चक्रात हात घालता.

आता ‘दारू कमी म्हणजे दाब कमी’. बहुतेक वेळा खरं आहे, आणि म्हणूनच ते फसवतं. मोठ्या पुंगळीसाठी केलेली सावकाश जळणारी दारू फार कमी घातली, तर क्वचित उलटंच होतं आणि रायफल फुटते. सर्वांत पटणारा खुलासा असा: थोडीशी दारू आडव्या पुंगळीत तळाशी पसरून पडते, प्रायमरची, म्हणजे पुंगळीच्या बुडातल्या पेटवणाऱ्या टोपीची, ठिणगी तिच्यावरून निघून जाते आणि ती धड पेटत नाही. गोळी नळीच्या आट्यांपर्यंत (आतल्या पिळदार खाचांपर्यंत) ढकलली जाते आणि तिथेच अडते. मग उरलेली दारू पेटते तेव्हा पुढे बूच बसलेलं असतं. हा प्रकार हुकमी घडवून दाखवणं अवघड आहे, त्यामुळे कारणावरून जाणकारांचे वाद आहेत. पण दारू बनवणारे वाट बघत बसलेले नाहीत. एच-११० या दारूचं प्रमाण छापील आकड्यापेक्षा ३ टक्क्यांहून जास्त घटवू नका, असं हॉजडन कंपनीच सांगते. शिवाय साधा फुसका बार आहेच. गोळी नळीत अडकली, आवाज जरा वेगळा आला, लक्षात न येता दुसरी झाडली, की नळी गेली.

धूरविरहित दारूसाठी रिकामी जागा मुळातच धोक्याची, हे तर सपशेल चूक. .३८ स्पेशल हे काडतूस काळ्या दारूच्या मापाने बनलं. आज त्यात चिमूटभर धूरविरहित दारू असते, बाकी पुंगळी रिकामी, आणि शतकभर ते बिनबोभाट चाललंय. अशा काडतुसात पोकळीमुळे खरी अडचण येते ती एवढीच की दारू पुढे सरकली आहे की प्रायमरजवळ आहे यावर गोळीचा वेग कमीजास्त होतो. हलका बोळा ती दारू मागे धरून ठेवतो. हे त्याचं श्रेय, ते नाकारायचं कारण नाही.

आणि वजन? उशीतला पॉलिएस्टरचा पुंजका एखाद्या ग्रेनचा असेल, मान्य. रव्याचं तसं नाही. (इथे त्याला ‘क्रीम ऑफ व्हीट’ म्हणतात. शिरा करा त्याचा, उत्तम होतो.) दोन घनसेंटीमीटर रवा म्हणजे साधारण दीड ग्रॅम, वीसेक ग्रेन. गोळीसोबत तेवढं ओझं पुढे रेटायचं, आणि पुंगळी पुढे निमुळती असेल तर रवा त्या गळ्याशी घट्ट बसतो. दाब वाढलाच.

बोळा दारूवर दाबून वर गोळीपर्यंत मोकळी जागा ठेवणं तर सर्वांत वाईट. तो बोळा सुसाट जाऊन गोळीच्या बुडावर आदळतो आणि त्याच जागी चेंबरला (नळीत काडतूस बसतं त्या खोबणीला) आतून कडं पडतं. आमच्या क्लबातल्या एकाच्या जुन्या एकबारी .४५-७० मध्ये मी ते पाहिलंय. बोटाला काही कळत नाही, पण रिकामी पुंगळी बाहेर येताना अडते आणि तिच्यावर बांगडीसारखा वळ दिसतो. रायफल त्याच्या आजोबांची होती.

बोळा जिथे खरंच शोभतो अशीही जागा आहे: जुन्या इंग्रजी दुनळी रायफली. त्यांच्या .४७० मापाच्या काडतुसाची कुळकथा आपल्याकडे येऊन पोचते. १९०७ च्या सुमारास ब्रिटिशांनी हिंदुस्थानात .४५० बोअरवर (नळीच्या मापावर) बंदी घातली, कारण तो दारूगोळा बंडखोरांच्या हातातल्या मार्टिनी-हेन्री रायफलींना उपयोगी पडेल अशी धास्ती होती. मग कारखानदारांनी .४७० सारखी नवी मापं काढली. या प्रचंड पुंगळ्यांत आजची दारू भरली की जागा उरते, आणि जाणकार वर फोमचा तुकडा ठेवतात. पण ठरावीक दारू, ठरावीक वजन आणि तपासलेला तक्ता, असं सगळं एकत्र. तक्त्यात नसेल तर बोळाही नाही.

एक गोष्ट या सल्ल्यात कधीच सांगितली जात नाही. अर्ध्या भरलेल्या पुंगळीत चुकून दोनदा दारू पडली तरी ती सांडत नाही. फुटलेल्या बंदुकींचं खापर गूढ स्फोटावर फुटतं, पण पुष्कळदा कारण हेच असतं. टॉर्च मारून पुंगळ्यांच्या रांगेत डोकावलं तर चूक दिसते, आणि वर कापूस कोंबला की ती झाकली जाते.

धक्का कमी हवा असेल तर एच-४८९५ ही दारू आहे. कमाल प्रमाणाच्या ६० टक्के उरेपर्यंत ती घटवता येते, असा नियम हॉजडननेच त्या एका दारूपुरता दिलाय, आणि त्यात कापूस लागत नाही. भारतातल्या वाचकांसाठी मात्र हा प्रश्नच नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा गुन्हा आहे.