वऱ्हाडी चालते, पण फक्त रीलमध्येच
"रील्समुळे बोलीभाषांना प्रतिष्ठा मिळाली, आता गावाकडच्या पोरांना न्यूनगंड राहिला नाही" हे रील्स आणि बोलीभाषांवरच्या एका लेखातलं वाक्य काही पटलं नाही बुवा. रीलमध्ये वऱ्हाडी बोलणारा माणूस कोण असतो बघा, एकतर येडा नाहीतर बेवडा, मॅनेजर किंवा डॉक्टर कधी दिसलाय का? लोक हसतात आणि त्याला आपण मान म्हणतोय. मी अकोल्याचा, पुण्यात शिकायला आलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात फळवाल्याकडे "अर्धा डझन केयी द्या" म्हणालो तर सोबतची पोरं पार लोटपोट, पुढची तीन वर्षं माझं नावच 'केयी' पडलं. मग मी गपचूप ळ घासून घेतला, 'करून राह्यलो'चं 'करतोय' केलं, आणि दिवाळीत घरी गेलो तर आई म्हणे, काऊन रे, घसा बसला का तुया?

आणि गंमत म्हणजे ज्या मराठीला 2024 मध्ये अभिजात दर्जा मिळाला तिचा आद्य गद्यग्रंथ म्हणून ज्याचं नाव घेतात ते लीळाचरित्र तेराव्या शतकात लिहिलं गेलं आमच्या अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला, सदाशिव पेठेत नाही. तरी 'अशुद्ध' आम्हीच! आता ऑफिसात घरचा फोन आला की मी उठून जिन्यात जातो, चाळिशी आली तरी. लेखकाने एकदा त्या जिन्यात येऊन बघावं, तिथे एक सोलापूरवाला पण उभा असतो.