लूचीबाईंची धमनी लसणाने उघडली नाही

परवा साताऱ्याला मावशीकडे गेले, तर जिन्यातच लसणाचा वास. स्वयंपाकघरात सोललेल्या पाकळ्यांचं अर्धं ताट, आल्याची सालं, पिळून टाकलेली लिंबं. गॅसवर काहीतरी पिवळट रटरटत होतं आणि ओट्यावर बोर्नव्हिटाच्या दोन रिकाम्या बरण्या धुऊन पालथ्या घातलेल्या.

"चार कपांचे तीन झाले की उतरवायचं. गार झालं की मध. रोज सकाळी अनशापोटी एक चमचा," मावशी म्हणाली. "ती अमेरिकेतली सिरियलवाली नाही का, तिचं नव्वद टक्के ब्लॉकेज गेलं याने."

मावशी ६९ वर्षांची. दोन महिने जिना चढताना तिच्या छातीत भरून येतंय. डॉक्टरांनी अँजिओग्राफी (हृदयाच्या धमन्यांची तपासणी) सांगितली होती, तारीख मिळाली होती. ती तारीख तिने परस्पर रद्द केली होती, आणि का, तर भिशीच्या ग्रुपवर आलेल्या एका मेसेजमुळे. तिथेच उभ्याने तो वाचला. संध्याकाळपर्यंत तोच मेसेज मला आणखी दोन ग्रुपांवर दिसला, म्हणून हे लिहितेय.

मेसेजचा सारांश असा. 'बोल्ड अँड द ब्युटिफुल'ची जगप्रसिद्ध नायिका सुसान लुसी. गरीब घरात जन्म, हॉटेलात भांडी घासली. पुरस्कारासाठी १८ वेळा नापास, इंडस्ट्रीने हाकलून दिलं, कित्येक वर्षं काम नाही. जिद्द सोडली नाही. १९व्या वेळी जिंकली आणि मग मागे वळून पाहिलं नाही. पुढे ७१व्या वर्षी हृदयात ९० टक्के ब्लॉकेज. डॉक्टर म्हणाले बायपास, ती म्हणाली नाही. इच्छाशक्ती आणि लिंबू-आलं-लसूण-व्हिनेगरचं पेय. तीन महिन्यांनी रिपोर्ट क्लिअर, अमेरिकेतले डॉक्टर तोंडात बोटं घालून बसले. खाली हात जोडलेले, गुलाब, आणि 'पुढे पाठवा, एखाद्याचा जीव वाचेल'.

जीव जाईल, वाचणार नाही. म्हणून शेवटच्या मुद्द्यापासूनच सुरुवात करते.

सुसान लूची (लुसी नव्हे, आडनाव इटालियन आहे) या बाईंच्या हृदयाचं काय झालं हे शोधायला कुठे खणावं लागत नाही. त्यांनी स्वतःच फेब्रुवारी २०१९ मध्ये 'पीपल' साप्ताहिकाला सगळं सविस्तर सांगितलंय. २०१८ चा ऑक्टोबर. आधी छाती आवळल्यासारखी वाटली, बरगड्यांभोवती आणि पाठीत. बाईंनी दुर्लक्ष केलं, जसं आपल्याकडे 'गॅस झाला असेल' म्हणून करतात तसंच. मग एक दिवस एका बुटीकमध्ये खरेदी करताना छातीवर हत्ती बसल्यासारखा दाब आला. हृदयविकारात असंच वाटतं हे त्यांनी टीव्हीवर एका बाईच्या तोंडून ऐकलेलं होतं, ते आठवलं. दुकानाच्या मॅनेजरनेच गाडीत घालून त्यांना लाँग आयलंडवरच्या सेंट फ्रान्सिस हॉस्पिटलमध्ये नेलं. सीटी स्कॅन झाला. हृदयाच्या मुख्य धमनीत ९० टक्के अडथळा, दुसरीत ७५ टक्के. तातडीने दोन स्टेंट, म्हणजे धमनी उघडी ठेवणाऱ्या जाळीच्या नळ्या, घातले.

म्हणजे मेसेजातलं 'बायपास केली नाही' हे अक्षरशः खरं आहे. कारण स्टेंट घातले! मेसेज लिहिणाऱ्याने एवढा एक शब्द गाळला आणि त्या जागी लसूण घातला.

आणि गंमत बघा. खाण्यापिण्याने आणि जिद्दीने धमन्या साफ राहत असत्या, तर या बाईंच्या आरशासारख्या लखलखीत असायला हव्या होत्या. वर्षानुवर्षं पिलाटीसचा व्यायाम, इतका की पिलाटीसच्या खुर्चीची टीव्हीवर जाहिरात करायच्या. जेवण भाज्या, मासे, ऑलिव्ह तेलाचं. अंगावर कुठे चरबी नाही. तरी ९० टक्के. कारण वडिलांकडून आलेलं. त्यांनाही हृदयविकार होता, आणि धमनीत कॅल्शियम साचण्याची प्रवृत्ती मुलीकडे आली. कॅल्शियम साचून टणक झालेला थर एक चमचा रसाने विरघळत नाही. पितळी नळाला आलेलं क्षाराचं पांढरं पुटसुद्धा लिंबू चोळून चोळून निघतं. आणि इथे रस जातो पोटात, धमनी छातीत.

लसूण खाऊ नका असं मी म्हणत नाहीये. फोडणीत घाला, चटणी करा. पथ्य आणि व्यायामही डॉक्टर सांगतातच, त्याने पुढचं साचणं कमी होतं. पण छातीत भरून येत असताना तपासणी रद्द करून लसूण सोलत बसायचं?

लूचीबाई एवढ्यावर थांबल्या नाहीत. बायकांच्या हृदयविकाराबद्दल अमेरिकन हार्ट असोसिएशनची 'गो रेड फॉर विमेन' नावाची मोहीम आहे, तिचा त्या चेहरा झाल्या. वयाच्या ७२व्या वर्षी लाल गाऊन घालून रॅम्पवर चालल्या. सांगायचं काय होतं, तर 'मी दुर्लक्ष केलं, तुम्ही करू नका'. बायकांना कधीकधी छातीऐवजी जबड्यात, पाठीत दुखतं, नुसतीच धाप लागते, आणि घरच्या कामात ते अंगावर काढलं जातं. २०२२ मध्ये त्यांना स्वतःला पुन्हा त्रास झाला, तेव्हा मात्र त्या तातडीने डॉक्टरांकडे गेल्या आणि पुन्हा उपचार घेतले. जी बाई जाहीरपणे 'डॉक्टरकडे जा' म्हणत फिरतेय, तिचंच नाव लावून 'डॉक्टरकडे जाऊ नका' असं पाठवायचं. याला निर्लज्जपणा म्हणायचा की नुसता आळस, हे मला ठरवता आलं नाही.

आता ते '१८ वेळा नापास'. आकडा बरोबर आहे, हे नाइलाजाने मान्य. डेटाइम एमी म्हणजे दुपारच्या कार्यक्रमांसाठीचे अमेरिकन पुरस्कार. त्यात उत्तम अभिनेत्रीसाठी लूचीबाईंचं पहिलं नामांकन १९७८ चं. त्यानंतर नामांकन होतंय आणि दुसरीच कुणी उठून स्टेजवर जातेय असं १८ वेळा झालं. पण नामांकन म्हणजे नापास कुठून? देशभरातल्या मालिकांमधून निवडलेल्या चार-पाच जणींत दरवेळी नाव. आपल्याकडे बोर्डात कुणी पाचवा आला तर पेढे वाटायचे.

बरं, 'इंडस्ट्रीने हाकललं, काम नाही' म्हणजे कधी? जानेवारी १९७० मध्ये एबीसी वाहिनीवर 'ऑल माय चिल्ड्रन' ही मालिका सुरू झाली. ॲग्नेस निक्सन यांनी रचलेली, पाइन व्हॅली नावाच्या काल्पनिक गावातली. लूची पहिल्याच महिन्यात तिच्यात आल्या, एरिका केन नावाच्या हट्टी, नखरेल शाळकरी मुलीच्या भूमिकेत. आणि सप्टेंबर २०११ मध्ये एबीसीवर शेवटचा भाग लागला तेव्हाही एरिका त्याच होत्या. ४१ वर्षं! सोमवार ते शुक्रवार, १९७७ पासून रोजचा तासाचा भाग. आपल्याकडे चार वर्षं चाललेल्या मालिकेतली सून तीनदा बदलते. अमेरिकेच्या वृत्तपत्रांनी त्यांना दुपारच्या मालिकांमधली सर्वात जास्त पगाराची कलाकार म्हटलंय, आणि १९९१ मध्येच त्यांचा पगार वर्षाला १० लाख डॉलरच्या वर असल्याच्या बातम्या होत्या. म्हणजे पुरस्कार मिळायच्या आठ वर्षं आधी. असं नापास व्हायला मी उद्यापासून तयार आहे.

शिवाय बाई रडत बसल्या नव्हत्या. १९९० मध्ये 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' या विनोदी कार्यक्रमाच्या पाहुण्या निवेदिका म्हणून आल्या आणि तिथे स्वतःच्याच हरण्यावर विनोद केले. साखरेऐवजी वापरायच्या गोडीच्या पावडरची एक जाहिरात केली, तिच्यात पुरस्कार हुकल्यामुळे थयथयाट करणारी बाई त्याच. हरण्याचे पैसे वसूल केलेली बाई आहे ती, आणि मेसेजात तिला बिचारी केलंय.

२१ मे १९९९ ला न्यूयॉर्कमध्ये शेमार मूर या नटाने पाकीट उघडलं आणि नाव वाचण्याआधीच म्हणाला की हरण्याची रांग तुटली. त्यापुढे त्याचं काही ऐकूच आलं नाही. अख्खं सभागृह उभं. कितीतरी मिनिटं टाळ्या थांबेनात, समोरचे कलाकार डोळे पुसतायत. हा व्हिडिओ मात्र जरूर बघा, मी मावशीला दाखवला, तिनेही पदर डोळ्याला लावला. पण 'मग मागे वळून पाहिलं नाही' हे काही खरं नाही. त्यानंतर आणखी दोनदा नामांकन झालं आणि दोन्ही वेळा त्या हरल्या. ते मेसेजात बसत नाही, कारण गोष्ट १९ वर थांबवली की छान दिसते. पुढे २०२३ मध्ये जीवनगौरव मिळाला. आणि मालिका? पुरस्कारविजेती नायिका असूनही एबीसीने २०११ मध्ये गुंडाळलीच.

मेसेज लिहिणाऱ्याला या बाईंबद्दल खरंच काही सांगायचं असतं तर एरिकाबद्दल सांगता आलं असतं. १९७३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा हक्क मान्य केला आणि त्याच वर्षी एरिकाने मालिकेत गर्भपात करून घेतला. जिवाला धोका होता म्हणून नाही. तिला मॉडेलिंग करायचं होतं, मूल नको होतं. दुपारी इस्त्री करता करता टीव्ही बघणाऱ्या बायकांसमोर, १९७३ साली! पण यात गुलाबाचं चित्र कुठे लावणार?

राहिलेलं पटकन उरकते. 'गरीब घर, भांडी घासली': वडील बांधकाम कंत्राटदार, हायस्कूल न्यूयॉर्कजवळच्या गार्डन सिटीत, १९६८ मध्ये मेरीमाउंट कॉलेजातून नाट्यविषयात पदवी, आणि २३व्या वर्षी एरिका. 'बोल्ड अँड द ब्युटिफुल': ती दुसऱ्या वाहिनीची दुसरी मालिका, १९८७ ला सुरू झालेली. हा घोटाळा का झाला ते मला कळतं. केबल नवी आली तेव्हा स्टार प्लसवर 'सांता बार्बरा' आणि 'बोल्ड' लागायच्या. मे महिन्याच्या सुट्टीत मी आणि मावशी 'बोल्ड'मधला तो चौकोनी हनुवटीचा रिज बघत बसायचो, तिला इंग्रजी एक अक्षर कळत नव्हतं आणि कुणाचं कुणाशी जमलंय ते माझ्याआधी कळायचं. आपल्याकडे अमेरिकन सिरियल म्हटलं की त्या दोनच. म्हणूनच मेसेजात ते नाव घातलं की साठीच्या पुढच्या बायका लगेच विश्वास ठेवतात.

हे सगळं मी मावशीला तिथेच ओट्याशी, गॅस बंद करून, मराठीत करून सांगितलं. ती 'पीपल'मधली मुलाखत तर ओळ न् ओळ. हत्तीच्या वाक्याला ती थांबली. म्हणाली, "हत्ती नाही गं, पण कुणीतरी पाटा ठेवल्यासारखं होतं मला." हे ती पहिल्यांदा बोलली. डॉक्टरांनाही तिने नुसतं 'जरा दम लागतो' एवढंच सांगितलं होतं.

मी लगेच फोन लावला. मंगळवारची वेळ मिळाली, सकाळी साडेसात, उपाशीपोटी. मावशी बरण्या पुसून फडताळात ठेवत होती. मध्येच वळून म्हणाली, "पण काय गं, तो मॅनेजर तिला घेऊन गेला, मग दुकानात कोण होतं?"