पुरस्कार कोणाला?

प्रौढ आणि निरंतर शिक्षणातल्या नेतृत्वाचा पुरस्कार देऊन जाहीर गौरव व्हावा, हे तुमच्या लेखातलं म्हणणं मनापासून पटलं. फक्त त्यासाठी 'किती वर्ग चालवले, किती जणांची नोंदणी केली' हा निकष मला अपुरा वाटतो. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय शिक्षिका सेप्टिमा क्लार्क यांचं उदाहरण घ्या. अमेरिकेच्या दक्षिण भागात कृष्णवर्णीयांना मतदार होण्यासाठी वाचनाची परीक्षा द्यावी लागे. १९५७ मध्ये साउथ कॅरोलायनातल्या जॉन्स बेटावर क्लार्क यांनी इतरांच्या साथीने प्रौढांचा वर्ग उभा केला. शिकवायला बर्निस रॉबिन्सन यांना आणलं. त्या केशभूषाकार होत्या, पेशाने शिक्षिका नव्हत्या! रॉबिन्सन यांनी आधी शिकणाऱ्यांनाच विचारलं, तुम्हाला काय शिकायचंय? नाव लिहिणं, बायबल वाचणं, फॉर्म भरणं, यातूनच अभ्यासक्रम तयार झाला आणि पुढे असे वर्ग दक्षिणेत ठिकठिकाणी निघाले. योग्य माणूस हेरून त्याच्या हाती वर्ग सोपवणं, मला तरी नेतृत्व इथेच दिसतं. एका नागरी हक्क संघटनेच्या सदस्यत्वापायी क्लार्क यांची शाळेतली नोकरी १९५६ मध्येच गेली होती. राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते सन्मान झाला तो १९७९ मध्ये, वयाच्या ऐंशीच्या घरात असताना. इतका उशीर का व्हावा? पुरस्काराच्या निवड समितीत एक तरी जागा अशा वर्गात शिकलेल्या व्यक्तीला द्या, एवढीच विनंती.