इस्मतचा वाद म्यूरच्या आधीचा आहे

महोदय,

पैगंबरांच्या निर्दोषतेवरील (इस्मत) माझ्या लेखाला आपला मुख्य आक्षेप असा, की ‘गरानीक’ची कथा मुस्लिम विद्वानांनी नाकारली ती पाश्चात्त्य अभ्यासकांनी पेचात पकडल्यावर, म्हणून त्यांचे उत्तर हे संशोधन नसून निव्वळ बचाव आहे. यातला कालक्रमच मला मान्य नाही.

मक्केत ‘अन्-नज्म’ या सूरेचे (कुरआनातील अध्यायाचे) पठण करताना लात, उझ्झा आणि मनात या देवींच्या नावांपाठोपाठ त्यांच्या मध्यस्थीची स्तुती करणारे शब्द पैगंबरांच्या तोंडून गेले, ते सैतानाने घातलेले होते आणि पुढे रद्द झाले, अशी ही कथा आहे. ती जपली इब्न साद आणि तबरी या जुन्या मुस्लिम इतिहासकारांनीच; ब्रिटिश अभ्यासक विल्यम म्यूरने ती याच परंपरेतून उचलली. तिला ठाम नकार देणारे मुस्लिम विद्वान काझी इयाझ ११४९ मध्ये वारले, फख्रुद्दीन राझी त्यानंतर साठेक वर्षांनी. म्यूरचे पैगंबरचरित्र मात्र १८५८ पासून प्रसिद्ध होऊ लागले. मग काझी इयाझ कोणाच्या धाकाने बोलत होते? उलट धर्मपंडित इब्न तैमिया (मृत्यू १३२८) यांनी कथा स्वीकारली आणि निर्दोषता म्हणजे चूक टिकू न देणे, अशी मांडणी केली.

‘अबस’ सूरेचेही तसेच. मक्केतील कुरैश टोळीच्या पुढाऱ्यांशी पैगंबरांचे बोलणे चालू असताना एक अंध गृहस्थ आले, कपाळाला आठी पडली, आणि त्याबद्दलची कानउघाडणी कुरआनातच नोंदली गेली. बहुतेक सुन्नी भाष्यकारांनी ती आठी पैगंबरांचीच मानली, पण तिला पाप म्हटले नाही. शिया पंडित शरीफ मुर्तझा (मृत्यू १०४४) यांनी आठी घालणारी व्यक्ती पैगंबर नव्हतीच असे म्हटले.

मुसलमान अशी कथा स्वतः रचणार नाहीत, म्हणून ती खरी, हा पाश्चात्त्य अभ्यासक माँटगोमेरी वॉट यांचा १९५३ चा तर्क आपण निर्णायक मानता. मला तो लंगडा वाटतो. वचने रद्द होण्याच्या सिद्धान्ताला (नस्ख) पुरावा हवा होता, म्हणून कथा रचली गेली असावी, असे जॉन बर्टन यांनी १९७० मध्येच सुचवले होते.

आपल्या म्हणण्यात तथ्य आहे ते म्यूरनंतरच्या काळापुरते. सर सय्यद अहमद खान १८६९ मध्ये लंडनला गेले ते बऱ्याच अंशी म्यूरला उत्तर लिहिण्यासाठी, आणि १९३५ च्या पैगंबरचरित्रात इजिप्शियन लेखक हैकल यांनी म्यूरचे नाव घेऊनच ही कथा खोडली. या वकिली थाटात इब्न तैमियांच्या भूमिकेला फारशी जागा उरली नाही, हे खरे. पहिल्या दोन शतकांत ही कथा मुस्लिमांमध्ये सर्रास मान्य होती, हे शहाब अहमद यांच्या २०१७ च्या ग्रंथातले प्रतिपादनही त्यामुळेच अनेकांना पचायला जड गेले.

परंतु सनदींची (कथा कोणी कोणाकडून ऐकली, त्या निवेदकांच्या साखळ्यांची) छाननी हाही ‘आडून केलेला बचाव’ आहे, असे आपण लिहिता तेव्हा हदीसपंडित (पैगंबरांविषयीच्या परंपरांचे जाणकार) इब्न हजर अस्कलानी (मृत्यू १४४९) आपल्या नजरेतून सुटतात. कथेच्या बहुतेक सनदी तुटक आहेत हे त्यांना ठाऊक होते. तरीही त्या इतक्या वाटांनी येतात, की मुळाशी काहीतरी असावे, असा त्यांचा निष्कर्ष होता. हदीसपंडित अल्बानी यांनी विसाव्या शतकात त्याच सनदी तपासून कथा फेटाळली.