आत्याची कितवी पायरी?

परवा रात्री साडेदहाला आत्याचा फोन. "काय रे, माझी कितवी पायरी चालू असेल आत्ता?" मला आधी कळेचना. मग तिनं तो फॉरवर्ड पाठवला. तिचा मुलगा गेला त्याला दिवाळीत दोन वर्षं होतील, आणि आमच्याच फॅमिली ग्रुपवर कुणीतरी हे टाकलंय, खाली हात जोडलेले इमोजी.

थोडक्यात त्यात असंय की 'मँचेस्टर बाय द सी' हा सत्यघटनेवरचा ऑस्करवाला सिनेमा बघा, विज्ञानानं सिद्ध केलंय की दुःखाच्या 5 पायऱ्या असतात, नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार. हिरो ली रडत नाही म्हणून नकारावरच अडकला, पुतण्या पॅट्रिक पुढं सरकला म्हणून सावरला, आणि वर्षात पाचवी पायरी नाही आली तर तो आजार.

सत्यघटना वगैरे काही नाही. कल्पना मॅट डेमन आणि जॉन क्रासिन्स्की ह्या नटांची, लिहून दिग्दर्शित केला केनेथ लोनरगननं, 2016 साली. गाव तेवढं खरं आहे, मॅसॅच्युसेट्समधलं.

आता पायऱ्या. मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युब्लर-रॉस बाईंनी 1969 ला ह्या पायऱ्यांचं पुस्तक काढलं ते शिकागोच्या हॉस्पिटलात मरणाला टेकलेल्या पेशंटशी बोलून. पेशंटशी! ज्यांचं स्वतःचं मरण समोर होतं त्यांच्याशी. मुलगा गेलेल्या आईनं आता घासाघीस करायची ती कशाची? बरं, पुढं 2005 च्या पुस्तकात डेव्हिड केसलरबरोबर बाईंनी स्वतःच त्या पायऱ्या मागं राहिलेल्यांना लावल्या हे खरंय, पण तिथंच सुरुवातीला लिहून ठेवलंय की सगळे सगळ्या पायऱ्यांवरून जात नाहीत आणि क्रमानं तर नाहीच नाही. फॉरवर्डवाले तेवढं पान सोडून वाचतात.

आणि ली नकारात आहे म्हणे! अरे सिनेमा बघितलाय का? (ज्यांना बघायचाय त्यांनी हा पॅरा सोडा.) फायरप्लेससमोरची जाळी लावायची राहिली, हा बिअर आणायला बाहेर गेला, घर पेटलं, तिन्ही लेकरं गेली. पोलीस म्हणतात चूक झाली, गुन्हा नाही, जा घरी. आपल्याला शिक्षाच नाही हे त्याला सोसत नाही आणि तो तिथंच एका पोलिसाची बंदूक ओढून स्वतःला मारायला बघतो. ह्याला नकार म्हणतात? त्या माणसाला काय झालंय ते मिनिटामिनिटाला माहितीये म्हणून तर त्या गावात राहता येत नाही. भाऊ वारल्यावर पुतण्याला सांभाळायला तिथं परत यावं लागतं, आणि शेवटी पुतण्याला सरळ सांगतो, मला नाही जमत हे, आणि सिनेमा त्याला त्याबद्दल एका शब्दानं नावं ठेवत नाही. आणि तो 'सावरलेला' पॅट्रिक? दोन गर्लफ्रेंड, हॉकी, बँड सगळं चालूय, पण थंडीनं जमीन गोठलीये म्हणून बापाचं पुरणं वसंतापर्यंत लांबलंय, बॉडी फ्रीझरमध्ये, आणि एका रात्री घरच्या फ्रीझरमधून गोठलेलं चिकन खाली पडतं तर पोराला श्वास घेता येईना. घ्या पाचवी पायरी.

आजाराचं मात्र अर्धं खरं आहे, मान्य करावं लागतंय. अमेरिकेतल्या मानसोपचारवाल्यांच्या डीएसएम ह्या निदानाच्या पुस्तकात 2022 पासून लांबलेल्या शोकाचं निदान आहे आणि मोठ्या माणसांसाठी किमान 12 महिन्यांची अटही आहे. पण नुसतं वर्ष उलटलं म्हणून कुणी त्यात बसत नाही, जवळपास रोजची ती तडफड आणि रोजचं जगणंच अडलेलं असावं लागतं. तसं कुणाचं असेल तर डॉक्टरकडे न्या, ग्रुपवर इमोजी नका टाकू. आमची आत्या रोज दूध तापवते, भिशीला जाते, आणि दिवाळीला त्याच्या मापाचा शर्ट घेते. घेऊ दे की.

हे सगळं तिला फोनवर एका दमात ऐकवलं. ती म्हणाली, "बरं बरं, ओरडू नकोस. त्या लीचं शेवटी काय होतं ते सांग." म्हटलं, पुतण्याला ओळखीतल्या घरी ठेवतो आणि स्वतःसाठी बोस्टनला जागा बघतो, एक खोली जास्तीची असलेली, पोरगं कधी आलं तर असावी म्हणून.

जरा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "भाडं किती पडतं रे तिकडं?"