खुलासा: रोना मार्टिन यांचे ऑलिंपिक पदक एकच

ब्रिटनच्या कर्लिंगपटू (कर्लिंग म्हणजे बर्फावरून जड दगड लक्ष्याकडे घसरवण्याचा खेळ) रोना मार्टिन यांनी हिवाळी ऑलिंपिकमध्ये २००२ मध्ये सुवर्ण आणि २०१४ मध्ये कांस्य जिंकले, असा मजकूर फिरतोय. यातलं निम्मंच खरं.

२००२ चं सॉल्ट लेक सिटीतलं सुवर्ण त्यांचंच. स्वित्झर्लंडविरुद्धचा अंतिम सामना ३-३ असा अडलेला, हातात शेवटचा दगड. जवळपास वीस किलोचा तो ग्रॅनाइटचा दगड त्यांनी असा अलगद सोडला, की स्विस दगड बाजूला सरला आणि ब्रिटनने ४-३ ने बाजी मारली.

२०१४ ला सोचीत मात्र त्या बर्फावर उतरल्याच नव्हत्या. कांस्य जिंकलं ईव्ह म्युरहेडच्या ब्रिटिश संघाने. मार्टिन (आता आडनाव हाउई) त्या संघाच्या प्रशिक्षक होत्या. आणि ऑलिंपिकमध्ये प्रशिक्षकाच्या गळ्यात पदक पडत नाही! गोंधळ बहुधा इथेच झालाय.